पिकअपच्या इंजिनातील ऑइल पंपाची गळती : शोध आणि दुरुस्ती

नारायणगाव, ओतूर, लासलगाव या भागांतून दररोज सायंकाळी भाजीपाला भरून वाशीच्या बाजारपेठेकडे निघणाऱ्या डिझेल पिकअप गाड्यांपैकी अनेकींच्या इंजिनाखाली तेलाचा ओलावा दिसतो. गाडी चालत असते, माल वेळेवर पोहोचत असतो आणि मालक आठवड्यातून एकदा लिटरभर तेल ओतून निश्चिंत होतो. ही निश्चिंती किती खरी, याचा हिशेब सोपा आहे. तेलाचे साधारण वीस थेंब म्हणजे एक मिलिलिटर. सेकंदाला एक थेंब गळत असेल, तर तासाला सुमारे 180 मिलिलिटर आणि दहा तासांच्या प्रवासात जवळपास पावणेदोन लिटर तेल रस्त्यावर सांडते. ज्या इंजिनात सहा-सात लिटर तेल मावते, त्यात ही घट लहान नव्हे. माळशेज किंवा कसाऱ्याच्या चढावर तेल चेंबरच्या मागच्या बाजूस सरकते, पंपाची जाळी उघडी पडते आणि पंप तेलाऐवजी हवा ओढू लागतो. अशा वेळी बेअरिंग जळण्यास काही मिनिटे पुरतात. मग दुरुस्ती काही रुपयांच्या सीलची राहत नाही, क्रँकशाफ्टची होते.

ऑइल पंपाचे कार्य चेंबरमधील तेल जाळीतून ओढून घेणे आणि ते दाबाने फिल्टरमार्गे बेअरिंग, कॅमशाफ्ट व टर्बोपर्यंत पोहोचवणे, एवढेच असते. पंपात एकमेकांत गुंतून फिरणारे दोन दाते अथवा रोटर असतात. दाब मर्यादेबाहेर जाऊ नये म्हणून स्प्रिंगवर बसलेला रिलीफ व्हॉल्व्ह असतो. इंजिन गरम असताना दर हजार फेऱ्यांमागे साधारण दहा पीएसआय दाब असावा, असा जुन्या मिस्त्रींचा ठोकताळा आहे. तो अंदाजापुरता बरा. अंतिम आकडा त्या इंजिनाच्या वर्कशॉप मॅन्युअलमध्येच पाहावा.

दुरुस्तीपूर्वी पंप कोठे बसवला आहे, हे जाणून घेणे अत्यावश्यक आहे. काही इंजिनांत तो चेंबरच्या आत, तेलात बुडालेला असतो. त्याचे तेल गळले तरी ते परत चेंबरमध्येच पडते. त्यामुळे अशा गाडीखाली थेंब दिसत असतील, तर दोष पंपाचा नसून चेंबरच्या पॅकिंगचा किंवा अन्य सीलचा असतो. दुसऱ्या प्रकारात पंप इंजिनाच्या पुढच्या तोंडावर, क्रँकशाफ्टच्या टोकाभोवती बसवलेला असतो आणि पुढचे ऑइल सीलही त्याच्याच कवचात असते. बाहेरून दिसणारी खरीखुरी पंपाची गळती प्रामुख्याने याच रचनेत आढळते. टायमिंग बेल्ट असलेल्या इंजिनात ती अधिक घातक ठरते. तेलाने भिजलेला बेल्ट फुगतो, दाते सोडतो आणि अनेक इंजिनांत व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात.

तिसरी गळती अशी आहे की, तिचा एकही थेंब जमिनीवर पडत नाही. जाळीपासून पंपापर्यंत येणाऱ्या सक्शन पाइपच्या सांध्यावर रबरी ओ-रिंग असते. या भागात दाब बाहेरच्यापेक्षा कमी असल्याने ओ-रिंग कडक झाली की तेल बाहेर येण्याऐवजी हवा आत शिरते. सकाळी इंजिन सुरू केल्यावर तेलाचा लाल दिवा विझण्यास विलंब होतो, दाबाचा काटा थरथरतो, टॅपेटचा आवाज येतो आणि गेजकाडीवर फेस दिसतो. तेल पातळीच्या खुणेपर्यंत भरल्यावर लक्षणे तात्पुरती नाहीशी झाली, तर संशय या ओ-रिंगवरच घ्यावा. कारण तेल वाढल्याने सांधा बुडतो आणि हवेचा मार्ग बंद होतो. कित्येक ठिकाणी या लक्षणांवरून थेट नवा पंप बसवला जातो आणि जुनी ओ-रिंग तशीच राहते.

गळतीचे मूळ शोधण्यात घालवलेला तास पुढचा संपूर्ण दिवस वाचवतो. तेल उताराने खाली येते आणि धावत्या गाडीत वाऱ्याने मागे ढकलले जाते. म्हणून जेथे थेंब पडतो ते ठिकाण क्वचितच मूळ असते. या फसवणुकीचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण अमेरिकेतील आहे. फोर्डच्या मोठ्या पिकअप गाड्यांत 1994 ते 2003 या मॉडेल-वर्षांत नॅव्हिस्टारने बनवलेले 7.3 लिटरचे पॉवरस्ट्रोक डिझेल इंजिन असे. त्यात नेहमीच्या ऑइल पंपाखेरीज इंजेक्टर चालवण्यासाठी उच्चदाबाचा दुसरा ऑइल पंप होता आणि तो तेलाचा दाब गरजेनुसार 3000 पीएसआयच्या आसपास नेत असे. हा पंप व्ही आकाराच्या इंजिनाच्या दोन बाजूंमधील खोलगट भागात, पुढच्या टोकाला बसवलेला आहे. त्याच्या मागील प्लगची किंवा नळ्यांच्या जोडांची सील गेली की तेल त्या घळीत साचते, मागच्या बाजूने उतरते आणि बेल हाउसिंगवरून ठिबकते. पाहणाऱ्याला वाटते क्रँकचे मागचे सील गेले. मग गिअरबॉक्स उतरवला जातो, सील बदलले जाते आणि ठिबक तशीच चालू राहते.

आपल्याकडील गाड्यांतही अशा फसव्या जागा आहेत. अनेक डिझेल वाहनांत आल्टरनेटरच्या पाठीशी ब्रेकसाठीचा व्हॅक्यूम पंप असतो आणि त्याला इंजिनातूनच तेलाची नळी जाते. तिचा जोड सैल झाला की इंजिनाचा पुढचा भाग भिजतो. ऑइल प्रेशर स्विच, फिल्टरची बैठक, टॅपेट कव्हरचे पॅकिंग यांचेही तसेच. म्हणून प्रथम इंजिन डीग्रीझरने धुऊन पूर्ण कोरडे करावे, संशयित भागांवर टाल्कम पावडरचा पातळ थर द्यावा आणि इंजिन दहा-पंधरा मिनिटे चालवावे. पावडरवर सर्वांत वर जेथे ओल उमटेल, तेथून गळतीचा उगम. बेल्ट व पंखा फिरत असताना हात आत घालू नये, हे वेगळे सांगण्याची गरज नसावी. तरी सांगितलेले बरे.

आणखी एक तपासणी बहुतेक ठिकाणी वगळली जाते, ती ब्रीदरची. पिस्टनच्या कडेने चेंबरमध्ये उतरणारा वायू ब्रीदरमार्गे बाहेर पडतो. ही नळी काजळीने तुंबली, किंवा रिंगा झिजून वायूच जास्त झाला, तर आतला दाब सीलमधून तेल बाहेर ढकलतो. हा दोष दूर न करता बसवलेले नवे सील महिन्याभरात पुन्हा गळते आणि दोष मात्र सीलच्या कंपनीला दिला जातो.

मूळ पंपाच्या कवचातच आहे अशी खात्री झाल्यावर काम हाती घ्यावे. इंजिन थंड असावे, बॅटरीची ऋण तार सोडवलेली असावी आणि तेल पूर्ण काढलेले असावे. पंखा, बेल्ट व क्रँक पुली उतरवून टायमिंगच्या खुणा जुळवून ठेवाव्यात. पंपाचे बोल्ट एका लांबीचे नसतात. पुठ्ठ्यावर कवचाची आकृती काढून ज्या जागेचा बोल्ट तेथेच टोचून ठेवण्याची युक्ती उपयोगी पडते. लांब बोल्ट चुकीच्या भोकात गेल्यास कवच तडकते.

कवच निघाल्यावर सील बदलून लगेच परत बसवण्याचा मोह टाळावा. मागची झाकणपट्टी उघडून रोटरवरचे चरे पाहावेत, फीलर गेजने फट मोजून मॅन्युअलमधील मर्यादेशी ताडून पाहावी आणि रिलीफ व्हॉल्व्हचा दट्ट्या बोटाने दाबल्यावर अडखळत नाही ना, हे तपासावे. सील ज्या पृष्ठभागावर घासते तेथे नखाला लागेल एवढी खाच पडली असेल, तर नवे सील फार काळ टिकत नाही. अशा वेळी दुरुस्तीची पातळ बाही बसवावी, अथवा जागा असल्यास सील किंचित पुढेमागे बसवून त्याची कड कोऱ्या भागावर आणावी. जुने पॅकिंग प्लॅस्टिकच्या पट्टीने खरवडावे. पॉलिश पेपर वापरू नये, त्याची खर तेलातून बेअरिंगपर्यंत पोहोचते.

सिलिकॉन सीलंटविषयी आपल्या गॅरेजांत फार उदारता आहे. दोन-तीन मिलिमीटर जाडीची एक रेघ, तीही मॅन्युअलने सांगितलेल्या जागीच, पुरेशी असते. जास्तीचे सीलंट आत ओघळते, सुकून तुटते आणि जाळीत अडकते. ओ-रिंग नवीनच वापरावी. रबरी सीलच्या कडेला तेल लावून ते सरळ दाबावे. टेफ्लॉनची सील मात्र सहसा कोरडीच बसवायची असतात. पंपात आधीच तेल भरावे, म्हणजे पहिल्या फेरीपासून तो ओढू लागतो. बोल्ट टॉर्क रेंचनेच आवळावेत. ॲल्युमिनियममधील सहा मिलिमीटरच्या बोल्टला साधारण दहा न्यूटन-मीटर एवढाच जोर लागतो. अधिक आवळल्याने गळती थांबत नाही, आटे मात्र जातात.

सीलंट सुकण्यास सांगितलेला वेळ देऊन नवा फिल्टर व नवे तेल भरावे. जुन्या यांत्रिक इंजेक्शन पंपाच्या गाडीत स्टॉप सोलेनॉइडची तार काढून स्टार्टर थोडा थोडा फिरवावा, म्हणजे इंजिन न पेटता तेलाचा दाब तयार होतो. कॉमनरेल गाडीत मॅन्युअलमधील पद्धत पाळावी. इंजिन सुरू झाल्यावर दहा सेकंदांत दिवा विझला नाही, तर ते तत्काळ बंद करावे.

गळती थांबावी म्हणून जाड तेल किंवा बाजारातील गळतीरोधक द्रव ओतण्याची प्रथा आहे. जाड तेल थंड इंजिनात वर चढण्यास वेळ घेते, आणि गळतीरोधक द्रव रबर फुगवून फार तर काही आठवडे मिळवून देतो. एप्रिल 2020 पासूनच्या बीएस-6 गाड्यांत धूर गाळणारा फिल्टर असेल, तर त्यात कमी राखेचेच तेल लागते. तेथे हे प्रयोग अधिक महाग पडतात.

काढलेले जुने तेल कायद्याने घातक कचरा आहे. ते ओढ्यात किंवा गटारात न ओतता डब्यात साठवून नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्यापर्यंत पोहोचेल अशा ठिकाणी द्यावे. दुरुस्तीनंतर पहिल्या रात्री गाडीखाली कोरा पुठ्ठा पसरावा, आणि पाचशे किलोमीटरनंतर तेलाची पातळी व कवचाची कड पुन्हा एकदा पाहावी.