तळटीप : ब्रायटनचा घुमटांचा राजवाडा

१. ब्रायटन : इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील, ससेक्समधले शहर. मूळचे कोळ्यांचे गाव. अठराव्या शतकाच्या मध्यास डॉ. रिचर्ड रसेल यांनी समुद्रस्नानाचा उपचार लोकप्रिय केला आणि उमराव मंडळींची इथे रीघ लागली. मजकुरातला ‘घुमटांचा राजवाडा’ म्हणजे रॉयल पॅव्हिलियन. युवराज जॉर्ज (पुढे राजा चौथा जॉर्ज) याच्यासाठी वास्तुविशारद जॉन नॅशने १८१५ ते १८२२ या काळात त्याला आजचे रूप दिले. बाहेरून कांद्याच्या आकाराचे घुमट, मिनार, नक्षीदार जाळ्या असा हिंदुस्थानी थाट. आत मात्र चिनी धाटणीची सजावट. मेजवानीच्या दालनातले भलेमोठे झुंबर रुपेरी ड्रॅगनच्या पंजात लटकते.

१८५० मध्ये ही वास्तू नगराने विकत घेतली. पहिल्या महायुद्धात, डिसेंबर १९१४ पासून, इथे जखमी हिंदी सैनिकांचे इस्पितळ होते. धर्म व आहार सांभाळून स्वयंपाकघरे वेगवेगळी ठेवली होती. ब्रायटनमध्ये मरण पावलेल्या ५३ हिंदू व शीख सैनिकांचे दहन शहरामागच्या टेकड्यांवर झाले. त्या जागी १९२१ साली पांढऱ्या संगमरवराची छत्री उभारण्यात आली. ब्रायटनला जाणाऱ्या वाचकाने पॅव्हिलियन पाहावाच, पण ही छत्री पाहिल्यावाचून परतू नये.