सोलापूरच्या माळरानावर तितर-लाव्याची शिकार चालते का?

सोलापूर-बार्शी रस्त्यावरच्या नान्नजच्या माळावर पहाटे तितराची हाक ऐकू येते. सुट्टीच्या दिवशी पक्षी पाहणारे आणि फोटो काढणारे इथे हमखास येतात. अशा माळांवर कधी कधी झुडपाआड फासेही लावलेले असतात. ‘तितर काय, वाघ थोडाच आहे?’ असे अनेकांना वाटते. पण कायद्यात ही सूट नाही.

हेच पक्षी का सापडतात?
तितर, लावा आणि पखुर्डी जमिनीवरच चरतात आणि तिथेच अंडी घालतात. पखुर्डी तर घरटेही बांधत नाही, उघड्यावरच्या उथळ खळग्यात अंडी ठेवते. ठरलेल्या पायवाटांवर लावलेल्या फाशात हे पक्षी सहज अडकतात.

पूर्वी परवाने मिळायचे ना?
हो. वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 मध्ये सुरुवातीला ‘लहान शिकारी’साठी परवान्याची सोय होती. 1991 च्या दुरुस्तीने ती बंद झाली. पीक संरक्षणासाठी मिळालेला बंदुकीचा परवाना म्हणजे शिकारीचा परवाना नव्हे.

‘शिकार’ म्हणजे नेमके काय?
फक्त गोळी घालणे नव्हे. पकडणे, फासा लावणे, विष घालणे आणि तसा प्रयत्न करणे हीदेखील शिकारच. पक्ष्यांची अंडी फोडणे किंवा घरट्याला त्रास देणे हेही या व्याख्येत येते. म्हणजे जवळून फोटो हवा म्हणून घरट्यावरचे गवत बाजूला करणारा हौशी माणूसही अडचणीत येऊ शकतो.

शिक्षा किती?
2022 च्या दुरुस्तीनंतर सर्वसाधारण गुन्ह्याला 3 वर्षांपर्यंत कैद, 1 लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. शिकार अभयारण्यात झाली तर किमान 3 आणि कमाल 7 वर्षे कैद, शिवाय किमान 25 हजार रुपये दंड. नान्नजचा माळ 1979 मध्ये जाहीर झालेल्या माळढोक पक्षी अभयारण्यात येतो. माळढोकही जमिनीवरच एकच अंडे घालतो आणि आज तो नामशेष होण्याच्या उंबरठ्यावर आहे. तितरासाठी लावलेला फासा पाय कोणाचा ते पाहत नाही.

हॉटेलातल्या बटेरचे काय?
पाळून विकली जाते ती जपानी बटेर, ही वेगळी जात आहे. रानातून पकडलेला लावा विकत घेणे गुन्हा आहे.

फासा दिसला तर?
फोटो आणि ठिकाण नोंदवा आणि वन विभागाच्या 1926 या क्रमांकावर कळवा. फासे लावणाऱ्याशी वाद घालू नका. कुत्रा सोबत असेल तर साखळीत ठेवा. घरट्याचे नेमके ठिकाण सोशल मीडियावर टाकू नका, कारण ती पोस्ट पक्षीप्रेमींइतकीच शिकाऱ्यांनाही दिसते.