तहांच्या छायेतील भोपाळ

थोरल्या बाजीरावांनी निजामाला भोपाळात कोंडून ७ जानेवारी १७३८ रोजी दोराहा-सराईचा तह पदरात पाडून घेतला, ही कथा मराठी वाचकांस सुपरिचित आहे. पुढे १८१२-१३ मध्ये शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्या संयुक्त फौजांनी भोपाळला वेढा घातला. वजीर मुहम्मद खानाने शहर कसेबसे राखले. बलाढ्य शेजाऱ्यांमध्ये सापडलेल्या या लहान संस्थानाला आधार हवा होता. तो कोणत्या किमतीस मिळाला, हे शंभर वर्षांनी महायुद्धांत उघड झाले.

१८१८ मध्ये नवाब नजर मुहम्मद खानाने इंग्रजांशी तह केला. इंग्रजांनी संस्थानाच्या संरक्षणाची हमी दिली. भोपाळने ६०० स्वार व ४०० पायदळ पुरविण्याचे मान्य केले आणि इंग्रजांच्या संमतीवाचून इतर सत्तांशी व्यवहार न करण्याचे वचन दिले. नाव मैत्रीचे होते; पण शत्रू कोण आणि मित्र कोण, हे ठरविण्याचा अधिकार त्या दिवशी भोपाळच्या हातून गेला.

या अधिकाराचे मोल १९१४ मध्ये कळले. सुलतान जहाँ बेगम १९११ मध्ये युरोपच्या प्रवासात इस्तंबूलला गेल्या होत्या व तुर्की सुलतानाने त्यांचे स्वागत केले होते. तीनच वर्षांनी तुर्कस्तान जर्मनीच्या बाजूने युद्धात उतरले. जगातील बहुसंख्य सुन्नी मुसलमान ज्याला खलीफा मानीत, तोच आता इंग्रजांचा, म्हणून भोपाळचाही शत्रू ठरला. बेगमसाहेबांनी इंग्रजांची बाजू सोडली नाही. भोपाळचे नाव धारण करणारी, सीहोरच्या जुन्या फौजेतून घडलेली ९ वी भोपाळ इन्फंट्री ही ब्रिटिश हिंदी सैन्याची पलटण १९१४ च्या हिवाळ्यात फ्रान्सच्या चिखलात लढली आणि नंतर मेसोपोटेमियात तुर्कांसमोर उभी राहिली.

मोठ्या राष्ट्रांना मात्र पक्ष बदलण्याची मुभा होती. इटलीने १८८२ मध्ये जर्मनी व ऑस्ट्रिया-हंगेरी यांच्याशी त्रिराष्ट्र करार केला होता. एप्रिल १९१५ मध्ये लंडनला गुप्त करार करून ती इंग्लंड-फ्रान्सच्या बाजूस गेली. मे १९३९ मध्ये तिने जर्मनीशी ‘पोलादी करार’ केला आणि जून १९४० मध्ये युद्धात उडी घेतली. उत्तर आफ्रिकेतील रणांगणावर पकडलेल्या इटालियन सैनिकांपैकी हजारो जण भोपाळजवळच्या बैरागढच्या छावण्यांत आणून ठेवण्यात आले. सप्टेंबर १९४३ मध्ये इटलीने शरणागती पत्करली आणि १३ ऑक्टोबर रोजी जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारले. ज्यांचे कैदी, त्यांच्याच बाजूने आता स्वदेश लढत होता. तरी बहुतेकांची सुटका युद्ध संपेपर्यंत झाली नाही. करार राजधान्यांत बदलतात. त्यांचे भोग मात्र सैनिकाच्या वाट्याला येतात.

युद्धोत्तर काळात भोपाळच्या तहाचाही निकाल लागला. नवाब हमीदुल्ला खान १९४४ पासून नरेंद्र मंडळाचे चॅन्सलर होते. इंग्रज आपल्या तहांना जागतील, ही संस्थानिकांची अपेक्षा होती. परंतु १५ ऑगस्ट १९४७ रोजी सार्वभौमत्वाबरोबरच ते तहही संपुष्टात आले. दोन महायुद्धांतील निष्ठेचा त्या हिशेबात उपयोग झाला नाही. जनतेने विलीनीकरणासाठी लढा दिला आणि १ जून १९४९ रोजी भोपाळचा कारभार भारत सरकारने हाती घेतला. तहाने जे ठरविले नव्हते, ते लोकांनी ठरविले.

बैरागढच्या रिकाम्या बराकींत फाळणीनंतर सिंधी निर्वासितांना आश्रय मिळाला. तीच वस्ती पुढे वाढून आजचे संत हिरदाराम नगर झाले. परक्या राष्ट्रांच्या युद्धासाठी उभ्या राहिलेल्या भिंतींना घरपण आले, ते मात्र कोणत्याही तहाच्या कलमाने नव्हे. पुन्हा संसार मांडणाऱ्या माणसांच्या कष्टाने.