इंग्लंडची घरगुती बेरी-वाइन आणि साखरेचा भाव

इंग्लंडमध्ये घरोघरी होणाऱ्या बेरीच्या वाइनचा इतिहास हा बराचसा साखरेच्या भावाचा इतिहास आहे. वाइनसाठी पिकवलेल्या द्राक्षाच्या रसात २० टक्के किंवा त्याहून अधिक साखर असते. यीस्ट तिचे मद्यार्कात रूपांतर करते; एक टक्का मद्यार्कासाठी लिटरमागे साधारण १७ ग्रॅम साखर खर्ची पडते. ब्लॅकबेरी, एल्डरबेरी, गूसबेरी या फळांत साखर त्या मानाने फारच थोडी, आंबटपणा मात्र भरपूर. नुसता रस आंबवला तर जेमतेम तीन-चार टक्क्यांचे, दात आंबवणारे आणि लवकर बिघडणारे पेय हाती येते. आंबटपणा मोडायला पाणी घालावे, तर होती ती साखरही पातळ होते. बाहेरून गोडवा घातल्याशिवाय बेरीची टिकाऊ वाइन होत नाही.

मध्ययुगीन इंग्लंडमध्ये साखर औषधविक्याकडे, तोलून मापून मिळणारी चैनीची वस्तू होती. सामान्य माणूस एल (धान्याची बिअर) आणि सायडर (सफरचंदाचे मद्य) पीत असे, मधापासून मीड करत असे. खरी वाइन बोर्दोच्या परिसरातून जहाजाने येई. तो प्रदेश १४५३ पर्यंत इंग्लंडच्या राजांच्या ताब्यात होता. केनेल्म डिग्बी या सरदाराच्या टिपणांचे पुस्तक १६६९ मध्ये छापले गेले. त्यात पेयांच्या कृतींचा नुसता सुकाळ आहे, पण त्यांतल्या बहुसंख्य मधाच्याच.

तोवर चित्र पालटू लागले होते. १६४० च्या दशकात बार्बाडोस बेटावर उसाचे मळे उभे राहिले आणि पुढच्या शंभर वर्षांत साखर मध्यमवर्गीय स्वयंपाकघरात पोचली. या स्वस्ताईची किंमत आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या माणसांनी मोजली. पाककृतीत फक्त साखरेचे वजन येते. त्यातच फ्रान्सशी वारंवार युद्धे होऊन फ्रेंच वाइनवर जबर जकात बसली. परसातल्या फळांची वाइन करणे आता परवडू लागले. हॅना ग्लास यांच्या १७४७ च्या गाजलेल्या पाकपुस्तकात गूसबेरी, करंट, चेरी, एल्डर, मनुका अशा वाइन एकापाठोपाठ एक येतात. ऑलिव्हर गोल्डस्मिथच्या १७६६ च्या ‘द व्हिकार ऑफ वेकफील्ड’ या कादंबरीतले पाद्र्याचे कुटुंब गूसबेरीच्या वाइनसाठी पंचक्रोशीत नावाजलेले आहे.

त्या काळची रीत साधी होती. फळे ठेचून पाण्यात घालायची, काही दिवस झाकून ठेवून गाळायची आणि साखर विरघळवायची. यीस्ट येई ते एलच्या पिंपातले. ते भाजलेल्या पावाच्या कापावर माखून तो काप रसावर तरंगत सोडत. फसफस ओसरली की रस पिंपात भरून बूच मारायचे. यीस्ट नेमके काय करते हे कोणालाच माहीत नव्हते. लुई पाश्चर यांनी १८५० च्या दशकाच्या अखेरीस ते एका सजीवाचे काम असल्याचे दाखवून दिले. तोवर एखादे पिंप उत्तम उतरे, दुसऱ्याचा व्हिनेगर होई, आणि घाईने भरलेल्या बाटल्या तळघरात फुटत.

या सगळ्यांत एल्डरबेरीचे स्थान वेगळे. तिचा जांभळा-काळा रंग आणि तुरटपणा लाल द्राक्षाच्या वाइनला जवळचा. पोर्तुगालमध्ये व्यापारी फिकी पोर्ट वाइन गडद करायला तिचा रस सर्रास मिसळत. अखेर तिथले मंत्री मार्क्विस ऑफ पोंबाल यांच्या कारकिर्दीत, १७५६ नंतर, डौरो खोऱ्यातली एल्डरची झाडेच उपटून काढण्याचे हुकूम निघाले. इंग्लंडमध्ये मात्र ती वाइन मसाला घालून, गरम करून हिवाळ्यात पीत. लंडनच्या रस्त्यांवर तिचे फेरीवाले असत, आणि पत्रकार हेन्री मेह्यू यांनी १८५१ च्या सुमारास त्यांचीही नोंद घेतली आहे.

१८६० मध्ये अर्थमंत्री ग्लॅडस्टन यांनी फ्रेंच वाइनवरची जकात उतरवली आणि किराणा दुकानांत बाटली मिळू लागली. शहरी मध्यमवर्गाने घरची वाइन सोडली. गंमत अशी की १८७४ मध्ये साखरेवरचा करही पूर्ण उठला, पण तेव्हा ही कला खेड्यातल्या बायकांच्या हाती उरली होती.

तिच्यावर खरा घाव घातला तो दुसऱ्या महायुद्धातल्या रेशनिंगने. जानेवारी १९४० पासून साखर मापून मिळू लागली. पुढे बराच काळ माणशी आठवड्याला आठ औंस, म्हणजे सुमारे २२७ ग्रॅम. साडेचार लिटरच्या एका गॅलनाला जुन्या कृतींप्रमाणे तीन पौंड साखर लागे, म्हणजे एका माणसाचा सहा आठवड्यांचा वाटा. सरकार जॅमसाठी जादा साखर देई, वाइनसाठी नाही. निर्बंध उठले ते सप्टेंबर १९५३ मध्ये.

त्यानंतर लगेच हौशी वाइनकारांची मंडळे निघाली हा योगायोग नव्हे. हॅम्पशायरमधल्या अँडोव्हर गावचे सिरिल बेरी (आडनावही जुळून आलेले) यांनी १९५७ मध्ये ‘द अमॅच्युअर वाइनमेकर’ हे मासिक सुरू केले. १९६० च्या त्यांच्या छोट्या पुस्तकाच्या लाखो प्रती खपल्या. पावाच्या कापाची जागा आता निवडक यीस्टने घेतली. साखर मोजायला हायड्रोमीटर आला, आणि हवा आत न घेता वायू बाहेर सोडणारी काचेची नळी आली. फळावरचे जंगली जंतू मारायला गंधकयुक्त कॅम्पडन गोळी आली. तिचे नाव ग्लॉस्टरशायरमधल्या फळे टिकवण्यावरच्या संशोधन केंद्राच्या गावावरून पडले. कलेतली बेभरवशाची बाजू या चार-पाच स्वस्त वस्तूंनी संपवली, आणि चवीच्या दृष्टीने आधीच्या दोनशे वर्षांपेक्षा हीच वीस वर्षे अधिक मोलाची ठरली.

पुढे डब्यातला द्राक्षरस वापरणारे तयार संच आले, सुपरमार्केटची वाइन स्वस्त झाली आणि मंडळे रोडावली. घरच्या वापरापुरती वाइन करायला ब्रिटनमध्ये आजही परवाना लागत नाही; विकायची असेल तर लागतो. महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा लागू असल्याने परवान्याशिवाय मद्य तयार करणे, मग ते घरच्यापुरते का असेना, गुन्हा ठरते.