चित्र टिकते ते कशावर?

अजिंठा म्हटले की रंगांची चर्चा होते, भिंतीची फारशी होत नाही. लेणी शेजारच्या जिल्ह्यात असली तरी बुलढाणा शहर त्याच डोंगररांगेवर वसले आहे आणि तोच काळा पाषाण आमच्याही पायाखाली आहे.

कारागिरांनी या पाषाणावर थेट रंग लावला नाही. छिन्नीने खडबडीत ठेवलेल्या खडकावर चिखलाचा गिलावा दिला. त्यात तूस, गवत, वनस्पतींचे तंतू कालवले. वर पातळ पांढरा लेप, आणि तो वाळल्यावर डिंक किंवा सरस मिसळलेले रंग. ओल्या चुन्यावरचे इटालियन पद्धतीचे हे काम नव्हे. आमच्याकडे मातीच्या घरांना भुसा कालवलेल्या मातीने लिंपतात, तिच्याच जातीची ही रीत; निगुती मात्र कितीतरी अधिक. या मातीवर पाचव्या शतकातली चित्रे दीड हजार वर्षे राहिली. नवव्या-दहाव्या लेण्यांतली काही त्याहून जुनी.

आता कॅनव्हासची हकीकत पाहा. ईस्ट इंडिया कंपनीने १८४४ मध्ये रॉबर्ट गिल यांना नकला करण्यास नेमले. त्यांची बहुतेक तैलचित्रे १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधील आगीत गेली. मग मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स विद्यार्थ्यांसह १८७२ पासून राबले. त्यांच्याही अनेक नकला १८८५ मध्ये लंडनमध्येच जळाल्या. नक्कल गेली, अस्सल उरले!

अस्सलही सुखरूप नव्हते. ज्या तुसाने माती धरून ठेवली, त्यावरच किडे पोसले. पावसाळ्यात पाणी झिरपे, वटवाघळांचा उपद्रव वेगळाच. नक्कल करताना रंग उठून दिसावेत म्हणून मूळ चित्रांवर वार्निश चढवले गेले. त्याने ती काळवंडली.

इथे हैदराबाद संस्थानाचे नाव घ्यावेच लागते. पुरातत्त्व खात्याचे प्रमुख गुलाम यझदानी यांच्या काळात, १९२० च्या सुमारास, इटलीहून दोन तज्ज्ञ बोलावून सुटत चाललेला गिलावा खडकाशी पक्का करण्यात आला. (लाखेचा थर त्यांनीही दिला आणि तोही पुढे पिवळा पडला.) त्याआधी, १९०९ ते १९११ दरम्यान, लेडी हेरिंगहॅम यांच्यासाठी नंदलाल बोस यांच्याप्रमाणेच हैदराबादचे सय्यद अहमद आणि मुहम्मद फजलुद्दीन नकला करीत होते. सय्यद अहमद पुढे लेण्यांचे क्युरेटर झाले. जातककथांची ही चित्रे सांभाळणाऱ्यांत हे लोक होते, ही गोष्ट वर्गात क्वचितच सांगितली जाते. उर्दू शाळेत आम्ही ही नावे फळ्यावर लिहितो.

सहलीत मुले आधी रंगांकडे धावतात. आम्ही त्यांना चित्र निखळलेली जागा दाखवतो, जिथे उघडा पडलेला मातीचा थर दिसतो.