कल्पना आणि कारखाना : शंकर आबाजी भिसे यांच्या चरित्राचा बोध

काही दिवसांपूर्वी आमच्या मराठीच्या वर्गात एका विद्यार्थ्याने विचारले, “गुरुजी, आपल्या लोकांपैकी कोणी कधी एखादे यंत्र शोधून काढले आहे काय?” प्रश्न निरागस होता. परंतु त्यामागे एक समजूत दडलेली होती, आणि ती मला बोचली. कल्पना दुसऱ्यांच्या व हात आपले, अशी ती समजूत आहे. या बेटावर ती पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहे.

ती कोठून आली हे सांगावयास नको. सन 1834 पासून पुढील आठ-नऊ दशकांत सुमारे साडेचार लाख माणसे करारावर मॉरिशसला आली. त्यांतच कोकणातून व घाटावरून मुंबई बंदरामार्गे आलेले आपले पूर्वजही होते. पोर्ट लुईच्या धक्क्यावर त्यांची नोंद झाली ती मजुरी करणारे हात म्हणून. त्या हातांमागे बुद्धी आहे काय, हा प्रश्न कोणी विचारलाच नाही.

माझे आजोबा एका साखर कारखान्याच्या दुरुस्तीखात्यात मदतनीस होते. ऊस वाहून नेणारी साखळी वारंवार अडकत असे. ती अडकू नये म्हणून त्यांनी एक युक्ती योजिली, खोक्याच्या फळ्यांचा एक नमुना तयार केला आणि तो वरिष्ठांना नेऊन दाखविला. “तू तुझे काम कर,” एवढेच उत्तर मिळाले. तो नमुना आजही आमच्या घरी माळ्यावर आहे. युक्ती बरोबर होती की चूक, हे कोणालाच कळले नाही, कारण ती लोखंडात कधी उतरलीच नाही. म्हणून विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे उत्तर केवळ एक नाव सांगून देता येत नाही. कल्पना सुचणे ही एक गोष्ट आणि ती कारखान्यात उतरणे ही दुसरी. या दोहोंमधील अंतर ज्याच्या चरित्रात स्पष्ट दिसते, असा एक मराठी पुरुष अमेरिकेत होऊन गेला. त्याची कथा येथे सांगतो.

शंकर आबाजी भिसे यांचा जन्म सन 1867 मध्ये मुंबईस झाला. यंत्रविद्येचे शिक्षण त्यांना कोणत्याही महाविद्यालयात मिळाले नाही. ‘सायंटिफिक अमेरिकन’ हे नियतकालिक हीच त्यांची शाळा होती. ते वाचून त्यांनी मुंबईत विज्ञानाचे मंडळ काढले, ‘विविध कलाप्रकाश’ नावाचे मराठी मासिक काही काळ चालविले आणि लहानमोठी उपकरणे घडविली. आगगाडीतील उतारूंना पुढील स्थानकाचे नाव दाखविणारे यंत्र हे त्यांपैकीच एक. किराणा माल वजन करून देणाऱ्या यंत्रासाठी एका इंग्रजी नियतकालिकाने स्पर्धा जाहीर केली, तेव्हा भिसे यांनी आपला आराखडा पाठविला आणि इंग्लंडमधील स्पर्धकांना मागे टाकून पारितोषिक मिळविले. याच यशाच्या बळावर ते लंडनला गेले. तेथे दादाभाई नौरोजी यांनी त्यांना आधार दिला.

लंडनमध्ये त्यांनी जो प्रश्न हाती घेतला तो छपाईचा होता. छापखान्यातील खिळे शिसे, अँटिमनी व कथील यांच्या मिश्रणातून ओततात. अँटिमनीमुळे धातूला कठीणपणा येतो आणि गोठताना तो फारसा आकसत नाही, म्हणून अक्षराची कड रेखीव उठते. परंतु वितळलेला रस साच्यात पडल्यावर तो गोठेपर्यंत थांबावे लागते, आणि साचा तापत गेला की हे थांबणे लांबते. एका साच्याने एक एक खिळा ओतणाऱ्या यंत्राचा वेग त्यामुळे मर्यादितच राहतो. एकाच वेळी अनेक खिळे ओतता आले तर? भिसे यांच्या यंत्राचा गाभा हाच होता. ‘भिसोटाइप’ या नावाने ते ओळखले गेले.

कल्पना उत्तम होती. पण कागदावरचे यंत्र आणि छापखान्यात दिवसभर न कुरकुरता चालणारे यंत्र यांत फार अंतर असते. साच्याच्या फटीतून रस निसटता कामा नये, प्रत्येक खिळ्याची उंची केसाइतकीही चुकता कामा नये. हे साधावयाचे तर आज केलेला भाग उद्या मोडून पुन्हा करावा लागतो, आणि प्रत्येक मोडतोडीस पैसा लागतो. इंग्लंडमधील समाजवादी पुढारी हिंडमन यांनी भांडवल उभे करण्याची खटपट केली, परंतु ती फसली. सन 1908 मध्ये भिसे यांना हिंदुस्थानास परतावे लागले. पुढे गोपाळ कृष्ण गोखले यांच्या ओळखीने जमशेटजींचे पुत्र रतन टाटा यांनी साहाय्य दिले, पण तेही कायमचे टिकले नाही. पहिल्या महायुद्धाच्या काळात भिसे न्यूयॉर्कला गेले आणि तेथेच राहिले.

ज्या देशाच्या नियतकालिकाने त्यांना घडविले, त्या देशात शोध कसे सिद्ध होत होते हे पाहण्यासारखे आहे. एडिसनच्या नावावर 1,093 अमेरिकन पेटंटे आहेत. तथापि सन 1876 मध्ये न्यू जर्सीतील मेन्लो पार्क येथे त्याने केवळ प्रयोगशाळा उभारली नाही, तर तिला लागूनच यंत्रशाळाही ठेवली. सन 1877 च्या अखेरीस त्याने ध्वनिलेखनाच्या यंत्राचे एक रेखाचित्र जॉन क्रूसी याच्या हाती दिले. क्रूसी हा स्वित्झर्लंडहून आलेला कारागीर. त्याने अल्पावधीत ते यंत्र तयार केले. कथलाच्या पत्र्यावर बोललेले शब्द त्यातून परत ऐकू आले! याच क्रूसीने पुढे स्केनेक्टडी येथील एडिसनच्या मोठ्या कारखान्याचा कारभार सांभाळला. लुई लॅटिमर हा तर गुलामगिरीतून निसटलेल्या आईबापांचा मुलगा. बेलच्या दूरध्वनीच्या पेटंटाची चित्रे त्याने काढली, विजेच्या दिव्यातील कार्बनची तार बनविण्याच्या रीतीचे पेटंट सन 1882 मध्ये मिळविले, आणि पुढे एडिसनच्या कंपनीत काम केले. अमेरिकेने अशा माणसांना पुष्कळ अन्याय सोसावयास लावले, हे खरे. परंतु डोके, हात आणि भांडवल जेथे एका छपराखाली आले, तेथे कल्पना सकाळी सुचली की संध्याकाळपर्यंत भट्टीजवळ पोहोचत असे. क्रूसीचे नाव फारसे कोणास ठाऊक नाही. पण क्रूसीवाचून तो कागद कागदच राहिला असता.

भिसे यांच्याजवळ क्रूसी नव्हता, आणि स्वतःच्या मालकीची यंत्रशाळाही नव्हती. न्यूयॉर्कमध्ये त्यांनी ओतयंत्रात पुन्हा सुधारणा केल्या, स्वतःच्या नावाची कंपनीही काढली. तेथील वृत्तपत्रे त्यांना ‘हिंदी एडिसन’ म्हणू लागली, आणि खुद्द एडिसनशी त्यांची भेटही झाली. तरीही त्या यंत्राने त्यांना धन दिले नाही. आयोडीनयुक्त औषधाने मात्र काही प्राप्ती झाली. 7 एप्रिल 1935 रोजी न्यूयॉर्क येथे त्यांचे निधन झाले. दोनशेच्या आसपास शोध त्यांच्या नावावर सांगितले जातात, पण आज छपाईच्या इतिहासात त्यांचे नाव शोधून काढावे लागते.

याच काळात दुसरा एक मराठी माणूस उलट दिशेने चालला होता. लक्ष्मणराव किर्लोस्कर हे भिसे यांच्याहून दोन वर्षांनी लहान. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली तांत्रिक संस्थेतील शिक्षकाची नोकरी सोडून ते बेळगावास आले. भावाबरोबर त्यांनी प्रथम सायकलींचे दुकान चालविले, मग कडबा कापण्याचे यंत्र आणि लोखंडी नांगर. लोखंडाने जमिनीला विष चढते असे शेतकऱ्यांना वाटे, म्हणून नांगर प्रथम पडून राहिले. पण कारखाना स्वतःचा होता आणि माल दाखविण्याची चिकाटी होती, त्यामुळे नांगर शेवटी शेतात पोहोचले. सन 1910 मध्ये औंधच्या अधिपतींनी दिलेल्या निवडुंगाच्या माळरानावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. लक्ष्मणरावांचे पुत्र शंतनुराव अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रविद्यासंस्थेत शिकले, सन 1926 मध्ये पदवी घेऊन परतले आणि वडिलांच्या कारखान्यात कामास लागले. जी विद्या भिसे यांना नियतकालिकाच्या पानांतून वेचावी लागली, ती शंतनुरावांनी अमेरिकेतून आणून वाडीच्या कामात घातली.

यावरून भिसे लहान आणि किर्लोस्कर मोठे असा निष्कर्ष कोणी काढू नये. नांगराहून ओतयंत्राचा प्रश्न अधिक बिकट होता. भिसे यांच्या बुद्धीत उणे नव्हते. उणे होते ते बुद्धीच्या पाठीशी सतत उभ्या राहणाऱ्या भट्टीचे व सवंगड्यांचे.

माझ्या आजोबांच्या नमुन्याचेही तेच झाले, फक्त त्यांना दादाभाईही भेटले नाहीत. आपल्या पूर्वजांनी या बेटावर दगड वेचून उसाची शेते उभी केली. त्यांच्या पुढील पिढ्यांनी मुलांना शाळेत धाडले, आणि आज आपल्यांत वकील, वैद्य, शिक्षक, अधिकारी पुष्कळ आहेत. परंतु मुलगा हातात कानस घेतो म्हटले की घरातील माणसांचा चेहरा उतरतो. मजुरीची लाज आपण हातांवर काढली, हे आपले चुकले. लाज करारातील अन्यायाची वाटावी. हातांची वाटू नये.

म्हणून आपल्या मंडळाच्या चालकांना माझी एक विनंती आहे. उत्सवाचे सामान ठेवतो त्या खोलीचा एक कोपरा मोकळा करावा. तेथे एक भक्कम टेबल, पकड, कानशी, करवत, एक लहान लेथ असावे. दर शनिवारी निवृत्त कारागिरांपैकी कोणी येऊन बसावे, आणि ज्या मुलाला काही सुचले असेल त्याने ते तेथे करून पाहावे. चुकले तर मोडावे व पुन्हा करावे. पहिल्या शनिवारी मी माळ्यावरचा तो लाकडी नमुना घेऊन येईन. आजोबांची युक्ती बरोबर होती की चूक, हे त्या विद्यार्थ्याच्या हातून आता तरी कळू द्यावे.