पदवी, हमी आणि उमेदवारी : नव्या अभियंत्याच्या पहिल्या नोकरीचा इतिहास

गोंदिया जिल्ह्यातील कोहमारा हे राष्ट्रीय महामार्गावरील चौफुलीचे गाव. तेथून दक्षिणेकडे गेले की नवेगावबांधचा विस्तीर्ण तलाव लागतो. अठराव्या शतकाच्या प्रारंभी कोलू पाटील कोहळी यांनी तो बांधला, असे परंपरा सांगते. पूर्व विदर्भातील कोहळ्यांनी असे अनेक तलाव उभारले. पाळ कोठे घालावी, सांडवा कोठे काढावा, हे ज्ञान बापाकडून मुलाकडे जाई. बांधणारा आणि त्याची उपजीविका यांच्यामध्ये प्रमाणपत्र उभे नव्हते.

ते आले इंग्रजांच्या सार्वजनिक बांधकाम खात्याबरोबर. १८५४ मध्ये पुण्यात अभियांत्रिकीचा वर्ग सुरू झाला, तो मुख्यतः खात्याला हाताखालची माणसे पुरवण्यासाठी. वरिष्ठ जागांसाठी १८७२ मध्ये लंडनजवळ कूपर्स हिल येथे स्वतंत्र महाविद्यालय उघडले. तेथील यशस्वी विद्यार्थ्यांसाठी हिंदुस्थानातील नेमणुका राखलेल्या असत. पुण्याच्या पदवीधरांच्या वाट्याला मोजक्याच येत. शिक्षण सारखे, पण दारे निराळी!

मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या म्हैसूर सरकारच्या साहाय्याने पुण्यात शिकले आणि १८८३ च्या परीक्षेत पहिले आले. त्या काळी हा क्रमांक केवळ मानाचा नव्हता. मुंबई सरकारच्या नोकरीची वाट त्यातूनच जात होती. १८८४ मध्ये ते साहाय्यक अभियंता म्हणून नाशिकला रुजू झाले. त्यानंतर लवकरच खानदेशात धुळ्याजवळ पांझरा नदीच्या एका प्रवाहापलीकडे पाणी नेणारा नळांचा सायफन उभारण्याचे काम त्यांच्याकडे आले. पावसाळ्याने अडथळे आणले, तरी त्यांनी ते पुरे केले. क्रमांकाने दार उघडले खरे, पण खात्यात त्यांचे वजन वाढले ते अशा कामांनी.

विदर्भातील विद्यार्थ्याची वाट वेगळी होती. १९५६ पर्यंत नागपूर ही मध्य प्रांताची आणि नंतर मध्य प्रदेशाची राजधानी. परंतु त्या राज्याचे सरकारी अभियांत्रिकी महाविद्यालय १९४७ मध्ये निघाले ते जबलपूरला. गोंदियाहून तिकडे अरुंद मापाची रेल्वे जात असे. नागपुरात प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालय आले १९६० मध्ये, आणि त्याला नाव मिळाले विश्वेश्वरय्यांचेच.

मात्र त्यांच्या काळची हमी तोवर विरत चालली होती. साठच्या दशकाच्या अखेरीस मंदी आली आणि पदवीधर अभियंतेही बेकार राहू लागले. १९६१ चा शिकाऊ उमेदवार कायदा मुळात कारागिरांसाठी होता; १९७३ च्या दुरुस्तीने तो अभियांत्रिकीच्या पदवीधर व पदविकाधारकांनाही लागू झाला. 'उमेदवार' हा शब्द आज निवडणुकीमुळे परिचित आहे. पण जुन्या मराठीत कचेरीत नोकरीच्या आशेने काम शिकणाऱ्यास उमेदवार म्हणत. कायद्याने ती जुनी उमेदवारीच विद्यावेतनासह पुन्हा आणली.

१९८३ मध्ये वसंतदादा पाटील यांच्या सरकारने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली. छोट्या गावांतील मुलांना पदवी आवाक्यात आली, हे मोठेच काम; पण पदवीधर वाढले तशी नुसत्या पदवीची किंमत उतरली. अशा वेळी कोहमाऱ्यासारख्या गावातून निघालेल्या, शहरात ओळखपाळख नसलेल्या पदवीधराला वर्षभराची उमेदवारी अधिक मोलाची ठरते. कामाचा दाखला तिच्यातूनच मिळतो. किमान विद्यावेतनाचा अर्धा भार केंद्र सरकार उचलते, हे मालकालाही सोयीचे. मात्र प्रशिक्षणानंतर कायम नोकरी देण्याचे बंधन मूळ कायद्याने मालकावर सरसकट घातले नव्हते. २०१४ च्या दुरुस्तीनेही भरतीचे धोरण ठरवणे ज्याच्या त्याच्याकडेच सोपवले.